हेपरिनवर प्लेटलेट पडल्या तर

पावसाळ्यात नागपुरात प्लेटलेट घसरल्या की सगळ्यांच्या तोंडी आधी डेंग्यूच येतो. पण हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) सुरू होऊन ५ ते १० दिवस झाले असतील तर आधी ड्रग चार्ट उलटून बघ: हेपरिनमुळेच प्लेटलेट पडून उलट गुठळ्या होण्याचा आजार (एचआयटी) असू शकतो. आकडा दीड लाखाच्या वर आहे म्हणून निश्चिंत राहू नकोस. ४ लाखांवरून १,८०,००० म्हणजे निम्म्याहून जास्त घसरण, आणि तीच महत्त्वाची. गेल्या ३० दिवसांत हेपरिन मिळालं असेल तर एका दिवसातही पडतात.

स्मिअर (काचेवरचा रक्ताचा थर) बघ, नुसतं क्लंपिंग (प्लेटलेट एकमेकींना चिकटून मशीनला कमी दिसणं) नाही ना? मग फोर-टी स्कोअर (एचआयटीची शक्यता किती ते सांगणारा) काढ: घसरण, वेळ, नवी गुठळी, दुसरं कारण, प्रत्येकी ० ते २. बेरीज ३ पर्यंत असेल तर एचआयटीची अँटीबॉडी टेस्ट मागवूच नकोस, खोट्या पॉझिटिव्हने घोळ होतो. ४ किंवा जास्त असेल तर रिपोर्टची वाट न बघता हेपरिन बंद, लाइन फ्लशमधलंसुद्धा (शिरेतली नळी धुण्याचं; तेच हमखास विसरतात). एनॉक्सापॅरिन हा पर्याय नव्हे, तेही हेपरिनच. त्याऐवजी सिनियरला विचारून अर्गाट्रोबॅन किंवा फोंडापॅरिनक्स, ही गुठळी रोखणारी दुसरी औषधं. किडनी खराब असेल तर फोंडापॅरिनक्स टाळ. प्लेटलेट दीड लाख होईपर्यंत वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) नाही, गँगरीन होऊ शकतं. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट चढवू नकोस, इथे भीती गुठळीची आहे. पाय सुजले नसले तरी पायांचं डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करून घे.