भरिताला घाई चालत नाही
भाऊ, वांगं फुटणं, देठाशी कच्चं राहणं, साल चिकटणं ही सगळी चिडचिड घाईतूनच येते. भौगोलिक मानांकन असलेलं जळगावी भरीत वांगं घ्या, फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं. भाजण्याआधी चार-पाच ठिकाणी टोचा, नाहीतर वाफ कोंडून फुटतं. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, पहिला भडका ओसरू द्या. मोठ्या जाळात साल करपते, गाभा तसाच राहतो. देठाजवळचा भाग सर्वांत उशिरा शिजतो, म्हणून शेवटी वांगं उभं धरून तिथं शेक द्या. मग दहा मिनिटं झाकून ठेवा, साल अलगद सुटते. सोलताना पाण्याखाली अजिबात धरू नका, धुराचा वासच निघून जातो. आधी मिरची-लसूण ठेचा, मग वांगं, तेही लाकडी मुसळीनंच. मिक्सरमध्ये चिकट लगदा होतो.