२३ जुलैला पातोळ्या केल्या तर मन का खातं?

‘त्या दिवशी हसले की चोरी केल्यासारखं वाटतं. माझं काही चुकतंय का?’ हा प्रश्न गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या, साठी गाठलेल्या एका गृहिणीचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) २३ जुलै २०२१ च्या पुरात म्हादई नदीचं पाणी त्यांच्या घरात कमरेपर्यंत चढलं. माणसं वाचली, बियाणं, कपाट, लग्नाचे फोटो गेले. तेव्हापासून जुलै लागला की झोप उडते, आणि कौलांवरून पाणी ओघळू लागलं की छाती धडधडते.

चुकत काहीच नाही. आपत्तीचा दिवस जवळ आला की असं अनेकांचं होतं. तोच पाऊस, तोच ओल्या मातीचा वास. कॅलेंडर बघण्याआधीच शरीर सावध होतं. बहुतेकांचं हे दिवस सरला की ओसरतं. पण त्या भीतीपायी आवडीचं सगळंच बंद केलं, तर तो दिवस पुरता पुराचाच होऊन बसतो.

‘विसरून जा’ म्हणणं इथे धोक्याचं आहे. घर नदीकाठी आहे, पाणी पुन्हा येऊ शकतं. म्हणून आधी खरी तयारी: रेशनकार्ड, जमिनीचे कागद, औषधांची चिठ्ठी दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत माळ्यावर, बॅटरी हाताशी, आणि जायचं कुणाकडे ते ठरलेलं. पावसाची बातमी सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ ला बघायची, मोठ्या पावसाचा इशारा असेल तर अर्थातच जास्त वेळा. पूर्वी त्या दर दहा मिनिटांनी मोबाइल बघत आणि दर वेळी भीती नव्याने पेटे.

मग पातोळ्या, म्हणजे तांदळाचं पीठ आणि गोड सारण हळदीच्या पानात घालून वाफवलेला पदार्थ. पुरानंतर त्यांनी त्या केल्याच नव्हत्या. पहिल्या खेपेला त्यांनी एकदम वाड्यापुरत्या पन्नास करायला घेतल्या. दुपारी पावसाचा जोर वाढला, कंबर मोडली, अर्धं पीठ उरलं, आणि ‘मला जमत नाही’ हे मनात पक्कं झालं. बेत मोठा होता, एवढंच. पुढच्या वर्षी परसातली हळदीची पाच पानं. वाटीभर तांदूळ आदल्या रात्री भिजत, सकाळी ११ ला सुरुवात, पीठ जरा घट्टच, नाहीतर चून (नारळ-गुळाचं सारण) बाहेर येतं. मन आहे की नाही हे आधी विचारायचं नाही; हात चालू लागले की मन मागून येतं. आधी आणि नंतर मनःस्थितीला दहापैकी गुण द्यायचे. आधी दोन, नंतर चार. चार म्हणजे आनंद नव्हे. पण मोदकपात्राचं झाकण उघडल्यावर हळदीच्या पानांच्या वाफेत त्या डोळे मिटून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

दचकणं, पुराची स्वप्नं महिन्याहून जास्त टिकली तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणंच नको वाटलं तर मात्र थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे.

आठवणीलाही जागा हवी. संध्याकाळी दिवा लावून अर्धा तास शेजारणीबरोबर त्या रात्रीबद्दल बोलायचं, असं ठरलं. दोन्हींना आपापली वेळ मिळाली, तसं पातोळ्या खाताना चोरी केल्यासारखं वाटणं कमी झालं.