शेळीच्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्याची बॅटरी दोन दिवसांत उतरते, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की उस्मानाबादी शेळ्या बालाघाटाच्या डोंगरात चरतात आणि पट्टा दर मिनिटाला जागा कळवतो. बॅटरी तिथंच जातेय. दर मिनिटाला म्हणजे दिवसाला १४४० वेळा! अर्ध्या तासावर आणा, ४८ वेळा होईल. चरणारी शेळी अर्ध्या तासात फार लांब जात नाही.

पण दोन नोंदींमधला वेळ वाटेल तेवढा ताणू नका. उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो आणि ती साधारण चार तास चालते. ती ताजी असेल तर जागा काही सेकंदांत सापडते. शिळी झाली की उघड्या आभाळाखालीही साधारण अर्धा मिनिट यंत्र जागं राहतं.

रात्रीचं तर आधी बघा. गोठ्यावर पत्रे असतील तर खाली उपग्रह दिसत नाही, आणि यंत्र बिचारं शोधतच राहतं. हालचाल ओळखणारा सेन्सर असेल तर तो चालू करा; शेळ्या बसल्या की जीपीएस झोपेल. शोधाला एक मिनिटाची मर्यादाही घाला.

दरीत मोबाईलची रेंज नसते, तिथं पट्ट्यातलं सिम टॉवर शोधण्यात बॅटरी खातं. नोंदी पट्ट्यातच साठवून दिवसातून दोन-तीनदा एकदम पाठवायला लावा. मात्र चोरीची भीती असेल तर हे नको, तिथं लगेच निरोप मिळायलाच हवा.

आणि मे महिन्यात पट्टा उन्हात चार्जिंगला लावू नका, लिथियम बॅटरी लवकर खराब होते.