नेटिव्ह की हायब्रिड? आधी ॲपचे काम सांगा

अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालते ते सगळे हायब्रिड, असे धरूनच बहुतेक प्रश्न येतात. तसे नाही, म्हणून पुन्हा लिहितो. नेटिव्ह म्हणजे त्या-त्या फोनसाठी वेगळे लिहिलेले ॲप. हायब्रिड म्हणजे खरे तर आत वेबपान चालवणारे ॲप; एका कोडवर दोन्ही फोनांचे ॲप करायचे इतर मार्गही आहेत.

आमच्या क्लासचे ॲप हवे आहे. वेळापत्रक, नोट्स, फीची पावती, एवढेच. नेटिव्ह करावे का? (लातूर)

गरज नाही. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह या ॲप बनवायच्या साधनांत दोन्ही फोनांचे एका कोडवर भागेल.

हायब्रिड ॲप हळू चालते असे भाचा म्हणतो. खरे का? (ठाणे)

कोणते हायब्रिड? कॉर्डोव्हा या साधनाने केलेल्या ॲपमध्ये आत वेबपान उघडते. स्वस्त फोनवर लांबलचक यादी सरकवताना ते अडखळते. 2015 मध्ये आलेले रिॲक्ट नेटिव्ह फोनची स्वतःची बटणे वापरते, फ्लटर सगळी स्क्रीन स्वतः रंगवते. तिघांना एका मापाने मोजू नका. भाच्याने कोणते ॲप कोणत्या फोनवर पाहिले, ते विचारा.

दूध संकलनासाठी ॲप हवे. वजनकाटा ब्लूटूथने जोडायचा आहे, गावात नेट जाते. (कोल्हापूर)

केंद्रांवर सगळे अँड्रॉइडच असेल तर कोटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेत नेटिव्ह करा. एका कोडचा फायदा तुम्हाला नाहीच. पण काटा समोर ठेवून, नेट बंद करून नोंद होते का ते आधी पाहा. करार त्यानंतर.

एक कंपनी आठ दिवसांत दोन्हीकडचे 'हायब्रिड' ॲप देते म्हणते, तेही स्वस्तात. सही करू का? (नाशिक)

थांबा. आठ दिवसांत बहुधा तुमचीच वेबसाइट गुंडाळून मिळेल, आणि निव्वळ गुंडाळलेली वेबसाइट ॲपल नाकारू शकते. त्याहून मोठी काळजी वेगळी. प्ले स्टोअरचे खाते कुणाच्या नावावर? खात्यासाठी गूगल एकदाच 25 डॉलर घेते, ॲपल वर्षाला 99. एवढ्यासाठी 'आमच्याच खात्यावर टाकतो' म्हणणाऱ्याला सरळ नकार द्या. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराचे ॲप असेच दुसऱ्याच्या खात्यावर होते. ती मंडळी फोन उचलेनाशी झाली आणि किमतीतली एक चूकही दुरुस्त करता येईना. शेवटी नवे ॲप काढले, जुन्या ग्राहकांना एकेकाला ते पुन्हा घ्यायला लावले. खाते, सोर्स कोड (ॲपचा मूळ प्रोग्रॅम), साइनिंग की (ॲपवर सहीसारखी लागणारी डिजिटल किल्ली) हे तिन्ही तुमच्या ताब्यात राहील असे करारात लिहून घ्या. पुढच्या देखभालीचा दरही लिहून घ्या, कारण ॲप कोणत्या अँड्रॉइड आवृत्तीसाठी बनवलेले हवे ही अट गूगल दरवर्षी वाढवते आणि मागे पडलेले ॲप नव्या फोनवरच्या नव्या ग्राहकाला सापडत नाही. नेटिव्ह की हायब्रिड, हा प्रश्न यानंतरचा. मसुदा वकिलाला आणि या व्यवहारात हितसंबंध नसलेल्या एखाद्या डेव्हलपरला दाखवल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

आमचे ॲप झामरिनमध्ये आहे. चालते आहे, तर राहू द्यावे? (पुणे)

नाही. झामरिन या आपल्या ॲप बनवायच्या साधनाचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने 1 मे 2024 पासून बंद केला. बंद पडायची वाट पाहू नका. कोड घेऊन या महिन्यातच जाणकाराकडे जा.