चकमकीची बंदूक: आधी कानाजवळ बघा

प्रश्न: मुंबईतल्या एका लिलावाच्या कॅटलॉगात 'ईस्ट इंडिया कंपनीची फ्लिंटलॉक रायफल, अंदाजे १८१०, किरकोळ दुरुस्ती' अशी नोंद आहे. फ्लिंटलॉक म्हणजे चकमकीची, गारगोटीच्या ठिणगीने उडणारी. चापाच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर सिंह आहे, दस्ता मात्र शिसवीचा वाटतो. आमच्या होमस्टेच्या ओटीवर लावायची आहे. खरी की बनावट, कसं ओळखायचं?
— एक वाचक, मालवण

उत्तर: पहिल्यांदा टॉर्च घेऊन नळीत डोकवा. आत पीळदार आटे असतील तरच ती रायफल. कंपनीच्या शिपायांकडे सर्रास असायची ती गुळगुळीत नळीची मस्केट: नळी ३९ इंच, भोक साधारण पाऊण इंच. कॅटलॉगवाले दोन्हींना रायफल म्हणतात, कारण त्या शब्दाला गिऱ्हाईक मिळतं.

सिंहाचं म्हणाल, तर १८०८च्या सुमारापर्यंत कंपनीची खूण बदामाच्या आकाराची होती, मागच्या पायांवर उभा सिंह नंतर आला. म्हणजे १८१०शी जुळतं. पण ठसा काय, कालही मारता येतो. गंजाचे खड्डे ठशावरूनही गेलेले हवेत. पट्टी खड्ड्याखड्ड्यांची आणि सिंह मात्र ताजातवाना असेल, तर तो काल जन्मलेला.

शिसवीला घाबरू नका. विलायती दस्ता अक्रोडाचा असे, तो मोडला की इथल्या सुताराने हाताशी असलेलं लाकूड लावलं. ही दुरुस्ती प्रामाणिक आहे, फक्त कॅटलॉगात लिहिलेली हवी आणि किमतीत दिसायला हवी.

खरी लबाडी चापात असते. १८३०-४०च्या दशकांत चकमक मागे पडली आणि अनेक बंदुका टोपीच्या, म्हणजे गारगोटीऐवजी स्फोटक टोपीवर घोडा आपटून उडणाऱ्या, करून घेतल्या गेल्या. आता संग्राहक चकमकीला जास्त पैसे मोजतात, म्हणून व्यापारी त्या पुन्हा चकमकीच्या करतात. मीही फसलोय. पुण्याच्या एका लिलावात चकाकता घोडा बघून बोली वाढवत गेलो. बंदूक वेंगुर्ल्याला घरी आणली. बाबांनी हयातभर बागायतदारांच्या ठासणीच्या बंदुका दुरुस्त केलेल्या. त्यांनी दोन स्क्रू काढून चाप उतरवला, पट्टी उलटी केली. मागे बुजवलेल्या भोकांची दोन गोल ठिगळं. "मेल्या, ही टोपीची होती मां!" एवढंच बोलून ते चहा प्यायला गेले.

तेव्हा तुम्ही लिलावाआधीच चाप उतरवून दाखवायला सांगा. बाहेरून कितीही पॉलिश मारतील, पट्टीची आतली बाजू सहसा कुणी घासत नाही. मग नळीचा कान बघा, म्हणजे आत ठिणगी जाते ते भोक. रंजक, म्हणजे ठिणगी धरणारी दारू, तिथेच पेटते, त्यामुळे वापरलेल्या बंदुकीत कानाभोवतीचं लोखंड, शेजारची वाटी आणि गारगोटी आपटते ती झडप, तिन्ही सारखीच खाल्लेली दिसतात. वाटी गुळगुळीत आणि कान खरवडलेला, किंवा उलट, असं दिसलं की दोन भाग दोन जन्मांचे. कानात नवी गुंडी बसवलेली दिसली, तर लगेच नाकं मुरडू नका. झिजलेला कान पूर्वीही असा बुजवून नव्याने पाडत.

नळी तारेच्या ब्रशने घासून चांदीसारखी केली असेल तर मी तिथूनच परत फिरेन. तो काळसर तपकिरी थर गेला की परत येत नाही.

आणखी एक, गज नळीत बुडापर्यंत सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा, मग तोच गज नळीला बाहेरून लावा. टोक कानापर्यंत पोचायला हवं. दोन इंच कमी भरलं तर आत बार, म्हणजे ठासलेली दारू-गोळी, असू शकतो, दोनशे वर्षांचा असला तरी. मग बंदुकीला हात न लावता जाणकाराला बोलवा.

शस्त्र कायदा १९५९च्या कलम ४५मध्ये जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही उडवता येणार नाहीत अशांनाच. हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. शंभर वर्षांवरची वस्तू म्हणून ती परदेशी पाहुण्याला देशाबाहेर नेता यायची नाही, हेही ध्यानात असू द्या.

आणि ओटीवर नकोच. जांभ्याची भिंत पावसात पाणी धरते आणि समुद्राचं वारं खारं. माजघरात, भिंतीपासून बोटभर पुढे लाकडी खुंट्यांवर ठेवा. दसऱ्याला पूजा करा, पण खोबरेल लावू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं. शिवणयंत्राचं तेल, तेही फडक्याने पुसून.