तुरुंगातल्या आईचा आवाज मुलापर्यंत : वाचन-रेकॉर्डिंगचं काम कसं उभं करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वाचनालयातल्या सहा जणी मिळून जिल्हा कारागृहाच्या महिला विभागात जायचं, तिथल्या आयांकडून गोष्टीची पुस्तकं वाचून घ्यायची, रेकॉर्ड करायची आणि पुस्तक व आवाज दोन्ही बाहेर मुलांकडे पाठवायचं. रेकॉर्डर कोणता घ्यावा आणि परवानगी कशी मिळते, हे तुम्ही विचारलंय. दोन्ही सांगते. पण हे काम अडतं ते तुरुंगाच्या फाटकात कमी आणि मूल ज्या घरात राहतं त्या घराच्या उंबऱ्यावर जास्त. म्हणून सुरुवात तिथून करा.

दुसऱ्यांनी केलेलं आधी पाहून घ्या. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या महिला तुरुंगात १९८७ साली ‘मदररीड’ सुरू झालं, त्यांचा भर आयांना वाचायला शिकवण्यावर. टेक्ससमध्ये २००३ पासून स्वयंसेवक महिला तुरुंगांत जाऊन आयांचं वाचन रेकॉर्ड करतात आणि पुस्तकासोबत मुलांना पाठवतात. इंग्लंडमध्ये ‘स्टोरीबुक डॅड्स’ डार्टमूर तुरुंगातून वाढलं, आयांसाठी त्याचंच ‘स्टोरीबुक मम्स’ झालं. तिथे आवाजाची काटछाट शिकवून तयार केलेले कैदीच करतात. यातून घेण्यासारखं एकच सांगते: पुस्तक आणि आवाज एकत्र पोचले पाहिजेत. नुसता आवाज आला तर मूल दोनदा ऐकतं आणि विसरतं. हातात पुस्तक असलं की बोट ठेवून ऐकतं, मग पुन्हा लावायला सांगतं.

घर

प्रत्येक आईकडून अर्ध्या पानाची माहिती घ्या: मुलाचं घरी हाक मारायचं नाव, वय, घरची बोली, वाचता येतं का, कुणाकडे आहे, फोन कुणाच्या हातात असतो. आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: आई कुठे आहे म्हणून मुलाला सांगितलंय? ‘गावाला गेलीय’, ‘दवाखान्यात आहे’, ‘लांब कामाला गेलीय’ ही नेहमीची उत्तरं. माझं मत स्पष्ट आहे, मुलाला त्याच्या वयाला पेलेल तेवढं खरं सांगायला हवं. पण ते सांगण्याचा हक्क आईचा आणि सांभाळणाऱ्या माणसाचा आहे, आपला नाही. त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये खोटं बोलायचं नाही आणि गुपितही फोडायचं नाही. ‘मी तुझ्यासाठी हे पुस्तक वाचतेय’ एवढं वाक्य कुठल्याही घरात चालतं.

मग सांभाळणाऱ्याला फोन करा. आईची आई असेल तर बहुधा लगेच हो म्हणते. मूल सासरी असेल तर सावकाश घ्या. नवऱ्याच्या मृत्यूच्या खटल्यात तेच घर फिर्यादी असू शकतं, त्यांना आईचा आवाज घरात नको असतो. नाही म्हणाले तर भांडू नका. पुस्तक वाचून ठेवा, रेकॉर्डिंग जपा, सहा महिन्यांनी पुन्हा विचारा.

दोन परिस्थितींत आपणहून थांबायचं. मूल त्याच खटल्यात साक्षीदार असेल, तर आईचं रेकॉर्डिंग ‘साक्षीदारावर दबाव’ म्हणून तिच्याच विरोधात जाऊ शकतं. तिच्या वकिलाचा किंवा मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाचा लेखी सल्ला आल्याशिवाय काही पाठवू नका. आणि गुन्हा त्याच मुलाबाबतचा असेल तर तो निर्णय बालकल्याण समितीचा. मूल बालगृहात असेल तर तिथेही समितीची परवानगी लागते.

परवानगी

अर्ज अधीक्षकांच्या नावे करा. संस्थेच्या नोंदणीची प्रत, येणाऱ्या प्रत्येकीचं ओळखपत्र, वार, वेळ आणि सामानाची यादी जोडा. अधीक्षक तो वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवू शकतात, तेव्हा दोन-तीन महिने हातात ठेवा. यादीत ‘रेकॉर्डिंगचं साहित्य’ असं मोघम लिहिलंत तर फाटकावर अडाल. ‘डिजिटल व्हॉइस रेकॉर्डर १, अनुक्रमांक अमुक, सिम नाही, वायफाय नाही, कॅमेरा नाही, मेमरी कार्ड १, पेन्सिल सेल ४’ असं लिहा. मोबाइलमध्येच रेकॉर्ड करू, हा विचार सोडून द्या. मोबाइल आत जात नाही आणि जायलाही नको.

रेकॉर्डिंग बाहेर नेण्याआधी तुरुंगाधिकारी ऐकतील, हे गृहीत धरा आणि स्वतःच तसं सुचवा. दहा आयांचं सात-सात मिनिटं म्हणजे सत्तर मिनिटं. तेवढी सवड अधिकाऱ्यांना नसते आणि मग फाइल टेबलावर पडून राहते. उपाय सोपा: पुस्तकाची प्रत सोबत द्या आणि आईचं स्वतःचं बोलणं एका मिनिटाच्या आत ठेवा. छापील मजकूर समोर असला की त्यांना नीट ऐकावं लागतं ते फक्त ते मिनिट.

एका अटीला मात्र शांतपणे नकार द्या: ‘चांगल्या वागणुकीच्या बायकांनाच घ्या’. हे वाचन मुलासाठी आहे. आईच्या वागणुकीचं बक्षीस किंवा शिक्षा मुलाच्या खात्यावर पडता कामा नये.

पुस्तक

सोळा पानं, अडीचशे ते चारशे शब्द, प्रत्येक पानावर मोठं चित्र आणि परत परत येणारी एक ओळ. याहून मोठं पहिल्या वेळी घेऊ नका. सरावलेली बाई मिनिटाला नव्वद-शंभर शब्द मोठ्याने वाचते, नवशिकी पन्नासच्या आसपास. तीनशे शब्दांना सहा मिनिटं लागतात आणि लहान मूल तेवढंच बसतं.

पुस्तक मोठ्याने वाचून रेकॉर्डिंग वाटायचं तर प्रकाशकाची परवानगी लागते. प्रथम बुक्स या संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत. लेखक, चित्रकार आणि परवाना यांचा उल्लेख करून त्या छापता येतात, रेकॉर्डही करता येतात. मराठी, हिंदी, बंगालीसह बऱ्याच भाषा आहेत आणि वाचनाच्या चार पातळ्या लावलेल्या आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं स्वस्त असतात, पण रेकॉर्डिंगसाठी आधी पत्र लिहा. छापून नेणार असाल तर तारेची स्पायरल बांधणी टाळा, झडतीत तार अडते. मध्ये दोऱ्याने शिवून घ्या.

भाषेबद्दल जरा थांबून लिहिते. तुमच्या गटाला आयांनी ‘शुद्ध’ मराठीत वाचावं असं वाटेल. तसं करू नका. घरी पारधी किंवा गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी बाई पुस्तकी मराठी वाचायला लागली की तिचा आवाज परका होतो, आणि मुलाला जो आवाज हवा असतो तोच नेमका हरवतो. अशा वेळी चित्रं बघून तिच्या बोलीत सांगू द्या. नंतर छापील ओळ एकदा वाचून घेतली तरी पुरे.

दहा वर्षांच्या पुढच्या मुलाला सहा मिनिटांची चित्रगोष्ट पाठवू नका, त्याला ती बाळबोध वाटते. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक आईकडे, एक मुलाकडे. महिन्याला एक प्रकरण आई वाचते आणि शेवटी एक खरा प्रश्न विचारते: ‘तू असतास तर काय केलं असतंस?’ उत्तर पत्राने येतं. कधी दोन ओळी, कधी महिनोन्‌महिने काहीच नाही. तरी पुढचं प्रकरण ठरलेल्या दिवशी गेलंच पाहिजे.

वाचता न येणारी आई

अशा बऱ्याच असतील आणि लाजून त्या नावच देणार नाहीत. म्हणून बोलावताना ‘वाचायला’ म्हणू नका, ‘गोष्ट सांगायला’ म्हणा. रीत अशी: कार्यकर्ती एक तुकडा हळू म्हणते, तीन सेकंद थांबते, आई तो तुकडा तिच्या पद्धतीने म्हणते. तुकडा पाच-सहा शब्दांच्या वर नको. नंतर कार्यकर्तीचा आवाज कापून टाकायचा. त्यासाठी दोघींचे आवाज एकमेकींवर चढता कामा नयेत, हीच सगळ्यात जास्त होणारी चूक. आईच्या गुडघ्यावर हलकेच बोट टेकवून ‘आता’ अशी खूण ठरवा, म्हणजे ती मध्येच सुरू करत नाही.

जिला अडखळत वाचता येतं तिच्या प्रतीवर पेन्सिलीने श्वासाच्या रेघा मारा: ‘एक होती मांजर / तिला लागली भूक / ती गेली अंगणात’. रेघेपाशी थांबायचं एवढंच सांगा. निम्मं अडखळणं तिथेच जातं.

सराव आणि रेकॉर्डिंग एकाच दिवशी करू नका. पहिल्या भेटीत पुस्तक निवडायचं आणि एकमेकींना वाचून दाखवायचं. प्रत आईकडे आठवडाभर ठेवू देतील असं पाहा. बराकीत ती दहा जणींना वाचून दाखवते आणि दुसऱ्या भेटीत येते तेव्हा गोष्ट तिची झालेली असते.

रेकॉर्डिंग

तुरुंगातली खोली आवाजाला वाईट. दगडी भिंती, उंच छत, लोखंडी दारांचा खणखणाट. पंखा बंद करा, आईच्या पाठीमागे आणि टेबलावर घोंगडी टाका, तिला खोलीच्या कोपऱ्याकडे तोंड करून न बसवता मोकळ्या बाजूकडे बसवा. रेकॉर्डर तोंडापासून एक वीतभर लांब आणि थोडा बाजूला. समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकच चॅनेल (मोनो) ठेवा, मिनिटाला साधारण पाच एमबी जागा लागते. सुरुवातीला दहा सेकंद कुणीही बोलायचं नाही. ती शांतता पुढे घरघर काढायला लागते.

क्रम: मुलाचं नाव, घरचं, दोनदा. मग गोष्ट. प्रत्येक पानाशेवटी तिनेच म्हणायचं, ‘आता पान उलट’, आणि चार सेकंद गप्प. शेवटी एक मिनिट स्वतःचं. या मिनिटात खटला नको, कुणाची तक्रार नको, आणि तारीख नको. ‘दिवाळीला येते’ हे वाक्य तोंडात येतंच आणि तेच सगळ्यात जास्त दुखवतं, कारण जामीन तिच्या हातात नसतो आणि मूल दिवाळी मोजत बसतं. त्याऐवजी तिला विचारा, मुलाची कुठली सवय तुला आठवते? ‘तू गोष्ट ऐकताना माझा कान धरायचास’ असं काही निघालं की तेच ठेवा.

रडू येईल. रेकॉर्डर बंद करा, पाणी द्या, घाई करू नका. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये मुलाने आईचं रडणं ऐकू नये, म्हणून तो भाग कापा. पण आईला विचारून. बराकी बंद व्हायच्या किमान एक तास आधी सगळं संपवा आणि तो तास चहा-गप्पांत घालवा. नाहीतर ती भरल्या डोळ्यांनी आत जाते आणि रात्र एकटीने काढते. एकीला पाऊण तास धरा. तुम्ही सहा जणी असाल तर दोन टेबलं आणि दिवसाला आठ आया, त्याच्या वर नको.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर तिने मुलाचं नाव लिहावं. लिहिता येत नसेल तर हात पानावर ठेवून पेन्सिलीने त्याची कड काढून द्या. बांगडीमुळे मनगटाशी रेघ तुटते, ती तशीच राहू द्या. मूल त्यावर आपला हात ठेवून बघतं.

काटछाट आणि पाठवणं

ऑडॅसिटी हे आवाजाची काटछाट करायचं संगणकावरचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. घरघर कमी करताना १२ डेसिबलच्या वर जाऊ नका, आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. अडखळणी सगळी काढू नका, ती तिची आहेत. ६४ केबीपीएसची एमपीथ्री केली की सात मिनिटांचे जेमतेम साडेतीन एमबी होतात, साध्या फोनवरही व्हॉट्सॅपने जातात. ज्या घरात तसा फोन नाही तिथे मेमरी कार्ड लागणारा छोटा स्पीकर पाठवा.

पाकिटावर तुमच्या वाचनालयाचा पत्ता घाला, कारागृहाचं नाव कुठेही नको. पोस्टमन, शेजारी, शाळा, सगळे पाकीट बघतात. पाठवण्यात आठवडाभराहून जास्त उशीर करू नका. न्यायाधीन, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या बाईची बदली किंवा सुटका कधीही होते आणि अर्धवट रेकॉर्डिंग कपाटात राहून जातं. पोचल्यावर सांभाळणाऱ्याला फोन करून मुलाने काय केलं ते विचारा आणि ती दोन वाक्यं पुढच्या भेटीत आईला सांगा. ही उलटी खेप बहुतेक गट विसरतात, आणि दुसऱ्या महिन्यात निम्म्या आया येईनाशा का होतात, हे मग त्यांना कळत नाही.

आत राहणारी मुलं

सहा वर्षांखालची मुलं आईसोबत आत असतील, तुम्ही त्यांच्याबद्दल विचारलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी आर. डी. उपाध्याय खटल्यात आत पाळणाघर आणि बालवाडी असावी असं सांगितलं, आणि सहा वर्षं पूर्ण झालेलं मूल आईच्या इच्छेनुसार योग्य माणसाकडे किंवा संस्थेत द्यावं असंही. समाजकल्याण विभागाच्या संस्थेत ठेवलेल्या मुलाला आठवड्यातून किमान एकदा आईला भेटवावं, हेही त्या निकालात आहे. बालगृह टाळाटाळ करत असेल तर विधी सेवा प्राधिकरणाला हा निकाल दाखवा.

अशा मुलासाठी काम त्याच्या सहाव्या वाढदिवसाआधी चार महिने सुरू करा. एकच पुस्तक निवडा, आई रोज रात्री तेच वाचेल. दोन महिन्यांनी ते तिच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि दिवसा बालवाडीत, आई जवळ नसताना, ऐकवायला लागा. मूल बाहेर जाईल त्या दिवशी तीच मळलेली, कोपरे दुमडलेली प्रत त्याच्या पिशवीत घाला, नवी नको. आईकडे दुसरी प्रत राहते. महाराष्ट्रातल्या कारागृहांत मुलांसाठी गळाभेटीचा, म्हणजे प्रत्यक्ष जवळ घेऊन भेटण्याचा कार्यक्रम होतो, त्या दिवशी ती प्रत सोबत नेऊ द्यावी असा अर्ज आधीच देऊन ठेवा. पहिली दहा मिनिटं दोघांनाही काय बोलावं सुचत नाही, तेव्हा पुस्तक उघडता येतं.

सुरुवातीला पाच आया घ्या, महिन्याचा एक ठरलेला वार आणि वर्षभराचे बारा फेरे. वर्षाची खात्री नसेल तर सुरू करू नका, आणखी दोन जणी मिळेपर्यंत थांबा.