तक्रार लिहिण्याआधी कॅलेंडर काढ

प्रिय मुली,

"साहेबाच्या छळाबद्दल एचआरला तोंडी सांगितलंय, बघू म्हणाले," असं लिहिलंयस. तोंडी सांगणं ही कायद्याच्या दृष्टीने तक्रारच नव्हे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार अंतर्गत समितीकडे जायला हवी. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी जास्तीत जास्त तीन महिने देते. ते 'बघू' तुझे दिवस खातंय.

ऑफिसात दहा किंवा अधिक माणसं असतील तर ही समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. माणसं दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं.

तक्रार घटनावार लिही: तारीख, जागा, त्याचे नेमके शब्द, कोण हजर होतं. "त्याचं वागणं बरं नव्हतं" या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसू दे, पण मूळ चॅट पुसू नकोस. कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते जोडून सहा प्रती दे, सातव्या प्रतीवर तारखेसह पोच घे. (ऑफिसचा ईमेल उद्या बंद होऊ शकतो, सगळं स्वतःकडेही ठेव.)

सात कामकाजी दिवसांत प्रत त्याच्याकडे जाते, उत्तराला त्याला दहा कामकाजी दिवस मिळतात आणि चौकशी 90 दिवसांत संपायला हवी. तोवर त्याच्याच हाताखाली बसायची गरज नाही. बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा मागता येते आणि ही रजा तुझ्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही. मात्र लेखी अर्ज कर, आपणहून कुणी देत नाही. समेट हवा की नको हे फक्त तू ठरवायचंस. त्यासाठी पैशांचा व्यवहार कायद्याला चालत नाही.

त्याने उत्तराला वेळ मागितला की चिडू नकोस. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात समितीने सुनावण्या इतक्या घाईत उरकल्या, की 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोप असलेल्या माणसावरची कारवाई रद्द केली आणि चौकशी मे 2009 च्या टप्प्यावर परत नेली. चौदा वर्षं पाण्यात! त्याला नीट संधी मिळाली तरच तुझ्या बाजूने आलेला निकाल टिकतो.

"सिद्ध झालं नाही तर माझ्यावरच उलटेल" ही भीती बहुतेकींना असते. केवळ पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही; दुष्ट हेतू चौकशीत वेगळा सिद्ध व्हावा लागतो. हां, तक्रारीतला मजकूर ग्रुपवर टाकू नकोस, गोपनीयता तुझ्यावरही बंधनकारक आहे. आणि सबळ कारणाशिवाय सलग तीन सुनावण्या चुकवल्यास, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन समिती चौकशी बंद करू शकते.

पोलिसांचा मार्ग वेगळा आणि खुलाच आहे. त्यावर भेटून बोलू. आधी मसुदा पाठव. शेवटच्या घटनेची तारीख पहिल्याच ओळीत लिही.

तुझी,
ताई